गावात पीपीपी प्रकल्प येतोय: करार कसा वाचायचा, काय विचारायचं

कोकणात मोठ्या प्रकल्पाची बातमी गावाला बहुतेक वेळा भूमिपूजनाच्या फलकावरून कळते. फलकावर नावं असतात, कोटींचा आकडा असतो आणि खाली बारीक अक्षरात 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' किंवा नुसतं 'पीपीपी' लिहिलेलं असतं. आकड्याची चर्चा एसटी स्टँडवर होते, मुंबईतल्या गावकी मंडळात होते. बारीक अक्षरांची चर्चा कोणी करत नाही. पण पुढची तीस-पन्नास वर्षं गावाला ज्या अटींखाली काढायची असतात, त्या तिथेच दडलेल्या असतात.

हा लेख या विषयात नव्याने पडणाऱ्यांसाठी आहे: पहिल्यांदा निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य, मच्छीमार सोसायटीचे संचालक, तालुक्याचे तरुण पत्रकार, शिक्षण संपवून गावात परतलेली मुलंमुली. त्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. कॅल्क्युलेटर, एक फाईल आणि चिकाटी एवढं पुरतं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. 'पीपीपी चांगली की वाईट' या वादात वेळ घालवू नका. रस्ता, बंदर, विमानतळ काहीही असो, त्याचे पैसे शेवटी दोनच खिशांतून येतात: वापरणाऱ्याच्या किंवा करदात्याच्या. खासगी कंपनी आणते ते भांडवल असतं. ते तिला नफ्यासकट परत हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. मग भागीदारीचा उपयोग काय? जो धोका ज्याला नीट सांभाळता येतो तो त्याच्या अंगावर टाकणं, एवढाच. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न धरून ठेवा: कुठला धोका कोणाच्या पदरात पडलाय?

हे आपल्याला नवीन नाही. आंब्याची बाग कराराने देतात तेव्हा हेच होतं. मालक मुंबईत असतो, करारदार आगाऊ रक्कम देतो. फवारणी, राखण, काढणी, पेटी वाशीला पाठवणं सगळं तोच बघतो. मोहोर गळला तर नुकसान त्याचं. पण करार चार वर्षांचाच असेल आणि झाडं कोणत्या स्थितीत परत करायची हे त्यात लिहिलेलं नसेल, तर तो कल्टार (झाडाला जास्त मोहोर आणणारं रसायन) भरपूर घालून मिळेल तेवढं पीक काढतो आणि दमलेली बाग मालकाच्या हातात देतो. रक्कम, मुदत, धोका आणि परत देतानाची स्थिती या चार गोष्टी बागेच्या करारात बघता, त्याच बंदराच्या करारातही बघायच्या.

आधी प्रकार ओळखा

'पीपीपी' म्हणून सांगितला जाणारा प्रत्येक प्रकल्प पीपीपी असतोच असं नाही. सरकार पैसे देतं, ठेकेदार बांधून देतो आणि काही वर्षं दोष निघाले तर दुरुस्त करून द्यायची जबाबदारी (दोषदायित्व) सांभाळून मोकळा होतो, तेव्हा तो ईपीसी ठेका. त्यात भागीदारी नसते. मुंबई-गोवा महामार्गाचं इंदापूरपासून झारापपर्यंतचं बरंचसं काम अशाच ठेक्यांत वाटलेलं होतं.

बीओटी म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतरित करा. कंपनी स्वतःच्या आणि बँकेच्या पैशाने बांधते, ठरलेली वर्षं टोल किंवा शुल्क घेते, मग मालमत्ता सरकारला परत देते. याच महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ साली बीओटीवर दिला होता.

तिसरा प्रकार हॅम, म्हणजे हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल. केंद्राने तो २०१६ मध्ये आणला. बांधकाम चालू असताना सरकार ४० टक्के रक्कम हप्त्यांनी देतं, उरलेले ६० टक्के कंपनी उभे करते आणि सरकार ते पुढच्या १५ वर्षांत फेडतं. टोल लावला तर तो सरकार घेतं, म्हणजे गाड्या कमी आल्या तरी कंपनीचं नुकसान होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आरवली-कांटे आणि कांटे-वाकेड हे टप्पे हॅमवर दिले होते. एकाच महामार्गावर तीन प्रकारचे करार असल्यामुळे 'ठेकेदारच वाईट' एवढं म्हणून भागत नाही. तुमच्या गावासमोरचा तुकडा कोणत्या करारात येतो, हे आधी विचारा.

बंदरांचं गणित वेगळं. मोठी बंदरं केंद्राकडे आणि लहान बंदरं १९९६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे असतात. बोर्डाच्या खासगी बंदरांचे करार साधारण ५० वर्षांचे असतात. कंपनी बांधते, चालवते, उत्पन्नातला वाटा किंवा टनामागे शुल्क बोर्डाला देते आणि मुदतीनंतर बंदर सोडते. न्हावा-शेव्याला तर बंदर आणि जमीन सरकारी, पण त्यातली टर्मिनलं खासगी अशी मांडणी आहे. १९९७ मध्ये तिथे ३० वर्षांच्या परवान्यावर देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल दिलं गेलं आणि ते चाललं. बंदर १९८९ पासून चालू होतं, मुंबई-पुण्याचे कारखाने मागे होते, रेल्वे होती. मालाची खात्री आधीच असल्यामुळे कंपनीने फक्त वेग आणि क्रेन आणल्या.

चिपी विमानतळ आणखी एका प्रकारचा. परुळे-चिपीच्या सड्यावरची जमीन एमआयडीसीमार्फत ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने कंपनीला मिळाली आणि विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. ९५ वर्षं म्हणजे आज करार वाचणाऱ्याचा पणतू तो संपताना बघेल. भाडेपट्टा आणि बीओटी यांतला फरक म्हणूनच नीट समजून घ्या. मुदत जेवढी लांब, तेवढं मधल्या फेरआढाव्याचं कलम महत्त्वाचं.

आणि कोकण रेल्वे? अनेकजण तिला पीपीपी म्हणतात. ती पीपीपी नाही. १९९० मध्ये रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या चार राज्यांनी मिळून महामंडळ काढलं, बाजारातून रोख्यांनी पैसे उभे केले आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. भागीदार सगळे सरकारीच, फक्त रचना बीओटीची. 'खासगी कंपनीशिवाय दुसरा मार्गच नाही' असं कोणी सांगितलं तर हे उदाहरण पुढे ठेवा.

पैशाचं गणित पाटीवर मांडा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. मी तिच्यावर सगळ्यात जास्त भर देतो.

समजा, एका खाडीवर शंभर कोटींची प्रवासी जेट्टी आणि टर्मिनल उभारायचंय. आकडे काल्पनिक आहेत, रीत खरी आहे. अशा प्रकल्पात साधारण सत्तर टक्के कर्ज आणि तीस टक्के कंपनीचं भांडवल असं प्रमाण धरतात. सत्तर कोटींवर दहा टक्के व्याज म्हटलं तर पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच सात कोटी. आता उत्पन्न बघा. दिवसाला हजार प्रवासी, पन्नास रुपये तिकीट आणि पावसाळ्यातला खवळलेला समुद्र वजा करून वर्षाचे अडीचशे दिवस. झाले सव्वा कोटी. डिझेल, पगार, दुरुस्ती अजून बाकीच आहे.

अशा तुटीसाठी केंद्राची व्यवहार्यता तूट निधी योजना आहे. तिला सरसकट व्हीजीएफ म्हणतात. बांधकाम खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत केंद्र आणि आणखी २० टक्क्यांपर्यंत राज्य किंवा संबंधित संस्था अनुदान देऊ शकते. पाणीपुरवठा, सांडपाणी, आरोग्य, शिक्षण यांसारख्या सामाजिक क्षेत्रांसाठी २०२० पासून हे प्रमाण वाढवलेलं आहे. आपल्या जेट्टीला पूर्ण ४० टक्के मिळाले तरी साठ कोटी उरतात. त्यातलं कर्ज बेचाळीस कोटी, व्याज चार कोटी वीस लाख. सव्वा कोटीत ते भागत नाही.

मग निष्कर्ष काय? ही जेट्टी बांधू नये असा नाही. ती सरकारी पैशाने बांधावी आणि बोटी खासगी चालकाने चालवाव्यात, असा आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालतेय. दापोलीकडून गुहागरला जाणाऱ्याचा चिपळूणचा मोठा वळसा त्यामुळे वाचतो. अशा फेऱ्यांत धक्का साधारणपणे सरकारी आणि बोट खासगी असते. बोट विकता येते, दुसरीकडे नेता येते. खाडीच्या चिखलात रोवलेले खांब हलवता येत नाहीत. म्हणून बोटीचा धोका खासगी माणूस आनंदाने घेतो आणि खांबांचा घेत नाही.

तुमच्या गावच्या प्रकल्पाचं असं गणित करा. 'रोज किती लोक, किती गाड्या, किती टन माल धरलाय?' हा आकडा प्रकल्प अहवालात असतोच. तो कोणी आणि कोणत्या महिन्यात मोजला ते विचारा. गणपतीच्या किंवा मे महिन्याच्या आठवड्यात केलेली वाहनगणना वर्षभराला लावली असेल, तर त्या अहवालावर उभं राहिलेलं सगळंच डळमळीत आहे.

चार धोके आणि कोकणातले धडे

पहिला धोका जमिनीचा. तो सरकारने घ्यायचा असतो, कारण भूसंपादनाचा अधिकार सरकारकडेच आहे. महामार्गाच्या बीओटी करारांत साधारण ८० टक्के जागा ताब्यात आल्याशिवाय कामाचा अधिकृत दिवस ठरू नये अशी अट असते. पनवेल-इंदापूरच्या कामात जमिनीचा ताबा, कर्नाळा अभयारण्याची परवानगी आणि कंपनीची आर्थिक ओढाताण एकात एक गुंतली. जागा तुटक मिळाली की काम तुटक होतं, यंत्रं बसून राहतात, कर्जाचं व्याज मात्र बसत नाही. शेवटी करार मोडून नव्याने ठेके द्यावे लागले. मधल्या वर्षांत त्या रस्त्यावर कोकणी माणसाने काय भोगलं हे लिहिण्याची गरज नाही.

दुसरा धोका बांधकामाचा, आणि तो कंपनीचाच असला पाहिजे. पण कोकणात याला एक खास बाजू आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर मातीकाम जवळपास थांबतं. जांभ्याखालची चिकणमाती पाणी प्यायली की घाटातले कापलेले उतार खाली येतात. परशुराम घाटात हे वारंवार दिसलं. म्हणून 'अतिवृष्टी' हे कंपनीला मुदतवाढ देणारं नैसर्गिक संकट धरलंय का, ते करारात बघा. कोकणात पाऊस पडणं हे संकट नव्हे, तो दरवर्षीचा हिशेब आहे. नेहमीचा पाऊस त्या कलमातून वगळलेला असला पाहिजे.

तिसरा धोका मागणीचा. इथे दोन बंदरं शेजारी ठेवून बघा. राजपुरी खाडीवरच्या दिघी बंदराचा करार २००२ मध्ये झाला. खोल पाणी होतं, जागा होती. पण बंदरापर्यंत रेल्वे नव्हती आणि ठरलेला माल नव्हता. कर्ज वाढत गेलं, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२१ मध्ये अदानी समूहाने ते बंदर ७०५ कोटींना घेतलं. जयगडलाही रेल्वे आलेली नव्हती. तरी २००९ मध्ये सुरू झालेलं तिथलं जेएसडब्ल्यूचं बंदर टिकलं, कारण शेजारच्या १२०० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पाचा कोळसा आणि धरमतर खाडीमार्गे डोलवीला जाणारा पोलाद कारखान्याचा कच्चा माल त्याच समूहाचा होता. बंदर बांधणाऱ्याकडे स्वतःचा माल होता. नवं बंदर येणार असं ऐकलं की म्हणून विचारा: माल कोणाचा, आणि तो आणण्याचं लेखी बंधन कोणावर आहे?

चौथा धोका दर, इंधन आणि चलनाचा. त्यासाठी दाभोळ. गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या सड्यावर एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. स्पर्धात्मक निविदा नव्हती, थेट वाटाघाटी होत्या. वीज मंडळाने वीज उचलली किंवा नाही उचलली तरी क्षमता शुल्क द्यायचं होतं. इंधनाचा वाढलेला भाव आणि घसरणारा रुपया याचं ओझंही मंडळावर होतं. वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी नव्या अटींनी पुन्हा केला गेला. १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तेव्हा त्याची तपासणी केली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून प्रकल्प पुन्हा उभा करावा लागला.

दाभोळच्या करारात खासगी कंपनीने धोका जवळजवळ घेतलाच नव्हता. नफ्याची खात्री तिची आणि अनिश्चितता मंडळाची. अशा व्यवहाराला भागीदारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या समोरच्या करारात 'किमान हमी', 'घ्या अथवा पैसे द्या', 'क्षमता शुल्क' असे शब्द दिसले की तिथे थांबा आणि त्या एका कलमावर हवा तेवढा वेळ घालवा.

जमीन: प्रकल्पाआधी आपली कागदपत्रं

इथे उशीर झाला की नुकसान थेट घराचं होतं. कोकणातल्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची पंधरा-वीस नावं सामाईक असतात. निम्मे वारस मुंबई-ठाण्यात, काहींची नोंदच नाही. संपादनाची अधिसूचना निघाल्यावर वारस तपास सुरू केला तर मोबदला वर्षानुवर्षं अडकतो. म्हणून प्रकल्पाची कुणकुण लागताच तलाठ्याकडून सातबारा, आठ-अ आणि फेरफार काढा, वारसनोंदी करून घ्या, कुळाचं नाव इतर हक्कात आहे का ते बघा. चाकरमानी गणपतीला घरी येतात तेव्हा सगळ्या खातेदारांना एकत्र बसवायला याहून चांगली वेळ नाही. आंबा, काजू, नारळ, विहीर, गडगा, वाडा या सगळ्याची संयुक्त मोजणीच्या वेळी नोंद झाली पाहिजे. स्वतः हजर राहा, पंचनाम्याची प्रत मागा.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात पीपीपी प्रकल्पांसाठी ७० टक्के आणि खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती लागते. ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ चा गुणक आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. पण राष्ट्रीय महामार्गासारखी संपादनं स्वतंत्र कायद्याने होतात. तिथे मोबदल्याची सूत्रं लागू आहेत, संमतीची अट मात्र लागत नाही. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना सूट दिली आहे. तेव्हा नोटीस हातात आली की सर्वांत वर कोणत्या कायद्याचं नाव आणि कलम लिहिलंय ते आधी वाचा. तुमचे हक्क त्यावरून ठरतात.

आणखी एक गोष्ट, जी मच्छीमार वस्त्यांना सहसा कोणी सांगत नाही. या कायद्यातल्या 'बाधित कुटुंबा'च्या व्याख्येत फक्त जमीनमालक येत नाहीत. संपादनाआधीची तीन वर्षं ज्यांची मुख्य उपजीविका जलस्रोतावर होती आणि संपादनामुळे ती बाधित होते, अशी मच्छीमार आणि नावाड्यांची कुटुंबंही त्यात येतात. म्हणजे नावावर गुंठाभर जमीन नसली तरी दावा करता येतो. त्यासाठी पुरावा लागतो: होडीची नोंदणी, सोसायटीच्या डिझेल परताव्याच्या पावत्या, मासळी विक्रीच्या नोंदी. त्या आजपासून जपून ठेवा.

जनसुनावणीला कसं जायचं

मोठ्या बंदरांसारख्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण परवानगी लागते आणि त्याआधी जनसुनावणी होते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी असतात. सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते. मसुदा अहवालाचा मराठी गोषवारा जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेसारख्या ठिकाणी ठेवावा लागतो. त्या तीस दिवसांतला पहिला आठवडा वाचनासाठी, दुसरा वाडीवाडीत बैठकांसाठी आणि उरलेला लेखी हरकती तयार करण्यासाठी ठेवा.

सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे 'आपण गेलोच नाही तर ती रद्द होईल' हा समज चुकीचा आहे. गैरहजर राहिलात तर तुमचा मुद्दा इतिवृत्तात येणार नाही, एवढंच होईल. बोलताना एकाने एकच मुद्दा मांडावा. खाडीत गाळ उपसणार असतील तर उपसलेला गाळ कुठे टाकणार, जहाजांचा मार्ग आणि आपली डोल जाळ्यांची जागा एकमेकांवर येते का, पावसाळ्यात नळी बुजून पाणी वाडीत शिरेल का. असे नेमके प्रश्न इतिवृत्तात टिकतात, घोषणा टिकत नाहीत. चित्रीकरण होतं, इतिवृत्त शेवटी मराठीत वाचून दाखवावं लागतं. ते ऐकून, चूक असेल तर दुरुस्त करूनच उठा.

किनारा नियमन क्षेत्राचे नकाशेही बघा. कोळीवाडे, मासळी सुकवायची खळी, होड्या ओढायच्या जागा त्यांत दाखवलेल्या असायला हव्यात. नकाशात जी खळी नाही, ती प्रकल्पाच्या लेखी रिकामी वाळू असते. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, किंमत ७६,२२० कोटी. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि मेरीटाईम बोर्डाचा २६ टक्के वाटा असून टर्मिनलं पीपीपीवर द्यायची आहेत. तिथल्या मच्छीमारांचा विरोध अनेक वर्षांचा आहे आणि त्यांचा प्रश्न नेमका जागेचा आहे: ज्या पाण्यात मासेमारी चालते ते भरून बंदर होणार. पालघरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या नव्या कार्यकर्त्याने या प्रकल्पाची कागदपत्रं मुळातून वाचावीत. या आकाराचं दुसरं उदाहरण जवळपास मिळणार नाही.

करार हातात आल्यावर

करारनामा शेकडो पानांचा असतो. पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर दमाल. आधी परिशिष्टं उघडा: जागेचा नकाशा, कामाची व्याप्ती, दराचं सूत्र. गावचा पूल, रस्त्याखालचा पादचारी बोगदा, सर्व्हिस रोड कामाच्या व्याप्तीत नसेल, तर भाषणात कितीही वेळा कबूल केलेला असला तरी तो होणार नाही.

मग दराचं कलम. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत दरवर्षी ३ टक्के आणि घाऊक महागाई निर्देशांकाच्या वाढीचा ४० टक्के भाग अशी वाढ असते. टोलनाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी, बिगरव्यापारी वाहनांना मासिक पासाची सवलतही त्याच नियमांत आहे. ओसरगावला टोलनाका उभा राहिला तेव्हा रस्ता अपुरा असताना टोल कशाचा, असा वाद पेटला होता. टोल कधीपासून, किती काम पूर्ण झाल्यावर आणि स्थानिकांना काय, ही तिन्ही उत्तरं नाका उभा राहण्याआधी लेखी मिळवायची असतात.

त्यानंतर करार मोडल्यावर काय, ते वाचा. महामार्गांच्या आदर्श बीओटी करारात एक गोष्ट नव्या वाचकाला धक्का देते. रस्ता चालू झाल्यावर कंपनीच्याच चुकीने करार संपला तरी थकीत कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम, विमा वजा करून, सरकार देतं. सरकारच्या चुकीने संपला तर सगळं कर्ज आणि कंपनीच्या भांडवलाच्या दीडपट. यामागे कारण आहे: अशी हमी नसेल तर बँका कर्जच देणार नाहीत. पण करार मोडणं फुकट नसतं, आणि आंदोलनात 'करार रद्द करा' म्हणताना त्याची किंमत कोणाच्या खिशातून जाईल ते माहीत असावं.

निविदेत किती बोली आल्या, तेही तपासा. नवी मुंबई विमानतळाच्या २०१७ च्या निविदेत विजेत्याने एकूण महसुलाच्या १२.६० टक्के वाटा देऊ केला, दुसऱ्याने १०.४४ टक्के. दोन बोली असल्या की निदान तुलना करता येते. एकच बोली असेल तर तिला योग्य कोणत्या आधारावर ठरवलं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्याच विमानतळात सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे. सरकारी हिस्सा असला की संचालक मंडळावर सरकारी माणूस असतो, त्यामुळे माहिती मागायला एक दार जास्त मिळतं.

कागद देत नसतील तर

'करार गोपनीय आहे' हे उत्तर येईलच. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गोपनीयतेची सूट आहे, पण व्यापक जनहित असेल तर तीही बाजूला ठेवता येते, आणि कलम १० नुसार गोपनीय भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून एका अर्जात सगळं मागू नका. एक अर्ज करारनामा आणि परिशिष्टांसाठी, दुसरा कामावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र अभियंत्याच्या मासिक अहवालांसाठी, तिसरा मुदतवाढीच्या पत्रव्यवहारासाठी. 'का' विचारू नका, कागदाचं नाव लिहा. नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग माहिती आयोगाचं कोकण खंडपीठ.

ग्रामसभेचाही वापर करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना लोक जमतात. ठरावात 'विरोध आहे' किंवा 'पाठिंबा आहे' एवढंच लिहू नका. कोणत्या अटीवर पाठिंबा, ते कलमवार लिहा आणि पोच घ्या. ग्रामपंचायतीने दिलेलं 'ना हरकत' विनाअट असेल तर पुढे त्याच कागदाने तुमचं तोंड बंद केलं जातं.

न्हावा-शेव्याच्या आणि नवी मुंबईच्या जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढून उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळवला. १९८४ च्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. ज्या सवलती आज सरकारी पुस्तिकांत छापलेल्या दिसतात, त्या कोणीतरी मागून घेतलेल्या आहेत. तुमच्या ठरावातली अट उद्या दुसऱ्या गावाला नमुना म्हणून लागेल, त्यामुळे ती नीट भाषेत लिहा.

प्रकल्प चालू झाल्यावर

फीत कापल्यावर बहुतेकांची फाईल बंद होते. खरं तर निम्मं काम तेव्हा सुरू होतं. तीन गोष्टींची नोंद दरवर्षी ठेवा: देखभाल वेळेवर झाली का, दर सूत्राप्रमाणे वाढले का, आणि स्थानिकांना कबूल केलेल्या नोकऱ्या, रस्ते, पाणी मिळालं का. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणमध्ये महामार्गाच्या उड्डाणपुलाचा बांधकाम चालू असलेला भाग कोसळला, तेव्हा दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हा प्रश्न लगेच पुढे आला. त्याचं उत्तर करारात असतं. तुमच्याकडे प्रत असेल तर कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

बांधकामाच्या काळातले फोटो तारखेसह ठेवा: मोऱ्या कुठे होत्या, विहिरीला पाणी किती होतं, कोणाच्या घराला तडे नव्हते. नळी बुजवल्याचा किंवा सुरुंगाने भिंत तडकल्याचा दावा आधीच्या फोटोशिवाय टिकत नाही. ही सगळी फाईल एका माणसाच्या कपाटात ठेवू नका. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक वाचनालयात, एक मुंबईच्या मंडळाकडे. पंचायत दर पाच वर्षांनी बदलते, अधिकारी त्याहून लवकर बदलतात, कंपनीही विकली जाते. दिघीचं बंदर एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलं, तसा तुमचाही प्रकल्प जाऊ शकतो. त्या दिवशी नव्या मालकाला पहिल्याच आठवड्यात पत्र पाठवा आणि जुन्या करारातली गावाशी संबंधित कलमं त्याला जोडा.